महात्मा जोतीराव व त्यांचा डावा हात

विद्यार्थिमित्रहो, थोर पुरुषांचीं चरित्रें आपण वाचतों, त्यांत बहुधा त्यांच्या भर उमेदीच्या काळाचें वर्णन असतें. त्यांनीं शाळा काढिल्या, सभा गाजविल्या, ग्रंथ लिहिले, लोकांचा छळ सोसला, हें सर्व आपण मोठ्या आवडीनें वाचतों. पुढें आजारपण आलें आणि अमुक वर्षीं ते वारले, एवढ्या एका ओळींत त्यांचा उत्तरकाळ आटोपतो. यंदा आम्हीं असें योजिलें आहे कीं, महात्मा जोतीराव गोविंदराव फुले यांचें चरित्र आपणांपुढें मांडावें, आणि ज्या भागाकडे सहसा कोणी वळत नाहीं, त्या शेवटच्या सव्वादोन वर्षांकडे विशेष लक्ष पुरवावें. त्या वर्षांत जोतीरावांचें उजवें अंग निकामी झालें होतें, आणि त्यांच्या आयुष्यांतील शेवटचा ग्रंथ त्यांनीं डाव्या हातानें लिहिला.

हा विषय निवडण्यास आणखी एक कारण आहे. काष्टीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतून ज्याच्या अंगावरून वारें गेलें आहे असा एखादा वृद्ध आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. कोणी त्यास लकवा म्हणतात, कोणी अर्धांग म्हणतात, कोणी बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करितात. असा मनुष्य घरांत असला म्हणजे त्याचा कारभार संपला, असें समजून घरचीं माणसें त्यास ओटीवर एका कोपऱ्यांत बसवून ठेवितात. हें समजणें कितपत खरें आहे, याचा निर्णय जोतीरावांच्या चरित्रावरून आपला आपणांस करितां येईल.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ त झाला. घराणें माळ्याचें, फुलें पुरविण्याच्या धंद्यावरून फुले हें आडनांव पडलें. आई चिमणाबाई त्यांच्या अगदीं बालपणींच वारली, आणि सगुणाबाई नांवाच्या नात्यांतील बाईनें त्यांस वाढविलें. कांहीं काळ शाळेंत गेल्यावर लोकांच्या सांगण्यावरून वडिलांनीं त्यांस शाळेंतून काढून मळ्यांत कामास लाविलें. परंतु शेजारीं राहणारे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनीं मुलाची हुशारी पाहून गोविंदरावांची समजूत घातली, आणि इ. स. १८४१ त जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. तेथें इ. स. १८४७ पर्यंत त्यांचें शिक्षण झालें. मनुष्याच्या हक्कांविषयींचा टॉमस पेन याचा ग्रंथ त्यांनीं याच सुमारास वाचिला. मिशनच्या शाळांचे उपकार त्यांनीं मानिले. तथापि त्यांनीं बाप्तिस्मा घेतला नाहीं, आणि सत्याचा शोध आपल्या बुद्धीनेंच करावा हा बाणा शेवटपर्यंत सोडला नाहीं.

इ. स. १८४८ हें वर्ष त्यांच्या आयुष्यांत मोठें महत्त्वाचें ठरलें. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत चालत असतां खालच्या जातीचा म्हणून त्यांचा अपमान झाला, आणि तो त्यांच्या मनास खोल लागला. त्याच वर्षीं त्यांनीं पुण्याच्या भिडेवाड्यांत मुलींची शाळा काढिली. येथें आपल्या नगर जिल्ह्याचा संबंध येतो, तो आम्ही अभिमानानें सांगतों. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार या बाई इ. स. १८२७ त मुंबईस आल्या व पुढें नगरास येऊन मुलींच्या शिक्षणाचें काम करूं लागल्या. नगरांतील त्यांच्या शाळा जोतीरावांनीं पाहिल्या, आणि मुलींस शिकविण्याचा त्यांचा निश्चय अधिक दृढ झाला. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई यांनींही शिक्षिकेच्या कामाचे धडे फॅरार बाईंच्या हाताखालीं घेतले. या कामापायीं इ. स. १८४९ त पतिपत्नींस वडिलांचें घर सोडावें लागलें. तरी शाळा वाढत गेल्या, आणि इ. स. १८५२ त सरकारनें विश्रामबागवाड्यांत जोतीरावांचा जाहीर सत्कार केला.

पुढील तीस वर्षांचा पसारा मोठा आहे. तो थोडक्यांतच सांगतों. इ. स. १८६३ त त्यांनीं फसलेल्या विधवांसाठीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. इ. स. १८६८ त आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. इ. स. १८७३ त गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरच्या २४ तारखेस सत्यशोधक समाज स्थापन केला. इ. स. १८७५ त सावकारांच्या जाचास कंटाळलेल्या शेतकऱ्यांनीं सुप्यास कर्जरोखे जाळले. तें लोण आपल्या श्रीगोंदें, पारनेर, कर्जत या तालुक्यांतही पसरलें. इ. स. १८७६ ते १८८२ पर्यंत जोतीराव पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. मध्यंतरीं मोठा दुष्काळ पडला, तेव्हां त्यांनीं धनकवडीस पोरक्या व उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. इ. स. १८८२ त हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें निवेदन दिलें, आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें असें सुचविलें. शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ त्यांनीं पुढील वर्षीं पुरा केला. काष्टीच्या बाजारांत बैलांचा सौदा करणाऱ्या कुणब्याची जी ओढाताण आपण पाहतों, तिचीं मुळें कोठें आहेत, हें त्या ग्रंथांत फार विस्तारानें सांगितलें आहे.

इ. स. १८८८ चा आरंभ त्यांच्यासाठीं मानसन्मानाचा होता. मार्च महिन्यांत पुण्यास राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तेथें जोतीराव मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि राणीची खरी प्रजा दागिन्यांनीं मढलेल्या या मंडळींत नसून खेड्यापाड्यांत आहे, असें त्यांनीं निर्भयपणें सुनावलें. पुढें ११ मे रोजीं मुंबईस मांडवी येथील कोळीवाड्यांत लोकांनीं मोठी सभा भरवून त्यांस महात्मा ही पदवी दिली. त्या वेळीं त्यांस एकसष्टावें वर्ष संपून अवघा एक महिना झाला होता. यानंतर दोनच महिन्यांनीं, जुलैमध्यें, त्यांस अर्धांगवायूचा झटका आला, आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

येथें आपण घटकाभर थांबून या रोगाचें स्वरूप समजून घेऊं. लोक समजतात कीं हा रोग हातापायांचा आहे. वास्तविक हातपाय निर्दोष असतात. बिघाड मेंदूंत झालेला असतो. आपल्या मेंदूचे दोन भाग आहेत, एक डावा व एक उजवा. हातापायांस हालचालीचे हुकूम पोंचविणारे बहुतेक तंतु मेंदूच्या तळाशीं, मान सुरू होण्याच्या जागेजवळ, एकमेकांस ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. त्यामुळें मेंदूच्या डाव्या भागास दुखापत झाली तर शरीराची उजवी बाजू जाते, आणि उजव्या भागास झाली तर डावी जाते. जोतीरावांचें उजवें अंग गेलें, यावरून घाव मेंदूच्या डाव्या भागावर बसला, हें उघड होतें.

हा घाव बहुधा दोन प्रकारांनीं होतो. एकतर मेंदूंतील एखाद्या रक्तवाहिनींत गुठळी अडकून पुढील भागास रक्त मिळेनासें होतें, किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूंतच रक्तस्राव होतो. शेताच्या पाटांत दरड कोसळून पाणी अडलें किंवा पाट फुटून पाणी भलतीकडे गेलें, तरी पुढल्या वाफ्याची हानि ठरलेलीच. तसाच हा प्रकार आहे. शरीराच्या वजनाच्या मानानें मेंदु अवघा पन्नासावा भाग, परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें पांचवा हिस्सा तो एकटाच वापरतो. म्हणून रक्त थांबलें कीं थोड्याच मिनिटांत त्याचे कण मरूं लागतात.

मेंदूच्या दोन्ही भागांचीं कामें सर्वस्वीं सारखीं नाहींत, हें जोतीरावांच्या हयातींतच विद्वानांस कळूं लागलें होतें. इ. स. १८६१ त पॅरिस येथील ब्रोका नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका रोग्याचा मेंदु मरणोत्तर तपासला. त्या रोग्यास दुसऱ्याचें बोलणें समजे, परंतु स्वतःस एका अक्षराखेरीज कांहीं बोलतां येत नसे. त्याच्या मेंदूच्या डाव्या भागांत पुढील बाजूस बिघाड आढळला. पुढें अशीं अनेक उदाहरणें जमल्यावर ठरलें कीं, बहुतेक मनुष्यांची वाचा मेंदूच्या डाव्या भागांत वसते. इ. स. १८७४ त वेर्निके नांवाच्या जर्मन वैद्यानें दाखविलें कीं, डाव्याच भागांत थोडें मागच्या बाजूस घाव बसला तर रोगी सपाटून बोलतो, परंतु त्या बोलण्यास अर्थ राहत नाहीं, आणि दुसऱ्याचें बोलणेंही त्यास उमगत नाहीं. लिहिणें, वाचणें, हिशेब करणें, हींही कामें बव्हंशीं डाव्याच भागाच्या आधारानें चालतात.

उजव्या भागाची दुखापत निराळ्या तऱ्हेची असते. अशा रोग्यास बहुधा बोलतां येतें, परंतु कित्येकदां त्यास आपल्या डाव्या बाजूचें जगच ध्यानांत येत नाहीं. ताटांतील डाव्या बाजूची भाकरी तो तशीच ठेवितो, अंगरख्याची डावी बाही घालावयाचें विसरतो, आणि कधीं कधीं आपला हात लुळा आहे हेंच कबूल करीत नाहीं. घरच्यांस वाटतें कीं तो हट्टीपणा करितो; पण तो रोगाचाच एक भाग असतो. फ्रान्स देशांतील प्रख्यात शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांस इ. स. १८६८ त, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, असाच झटका आला व त्यांची डावी बाजू अधू झाली. तथापि ते प्रयोगशाळेंत परतले, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनीं या आजारानंतर सतरा वर्षांनीं, इ. स. १८८५ त, पहिल्यानें मनुष्यास टोंचली.

पाश्चर यांचा लिहिणारा उजवा हात शाबूत राहिला होता. जोतीरावांचें संकट याहून अवघड होतें. ज्या बाजूस भाषेचें ठाणें असतें त्याच बाजूस घाव, आणि ज्या हातानें चाळीस वर्षें लेखणी चालविली तोच हात निर्जीव. अशा घावानें कित्येकांचे शब्दच नाहीसे होतात. परंतु हुकूम नेणारे तंतु मेंदूच्या पोटांतून एका अरुंद वाटेनें खालीं उतरतात. घाव नेमका त्या वाटेवर पडला, तर हातपाय जाऊनही भाषा टिकते. जोतीरावांची विचार करण्याची व शब्द जुळविण्याची शक्ति टिकून राहिली, याची साक्ष त्यांचा पुढील ग्रंथच देतो.

त्यांच्या मनांत सर्व मानवांस लागू पडेल अशा धर्माविषयीं एक ग्रंथ लिहावयाचा होता. उजवा हात चालत नाहीं असें पाहून त्यांनीं लेखणी डाव्या हातांत घेतली. हें काम किती कठीण, याचा अनुभव आपणांपैकीं कोणीही पांच ओळी डाव्या हातानें लिहून घ्यावा. आपलें देवनागरी डावीकडून उजवीकडे जातें. डावा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून सरकतो, आणि काय लिहिलें तें झांकून टाकितो. टांकाची ओढ उलटी पडते, काना तिरपा होतो, वेलांटी भलतीकडे वळते. लहान मूल जसें पाटीवर धुळाक्षरें गिरवितें, तसें वयाच्या एकसष्ट वर्षांनंतर त्या पुरुषास पुनः गिरवावें लागलें असेल. मेंदूच्या निरोगी भागास सरावानें नवें काम शिकवितां येतें, हें आज शास्त्र सांगतें. आणि तो सराव दररोज, कंटाळा न करितां, पुष्कळ दिवस करावा लागतो.

या रीतीनें सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक हा ग्रंथ इ. स. १८८९ त पुरा झाला. त्याची मांडणी बहुतेक प्रश्नोत्तरांची आहे. सर्व स्त्रीपुरुष निर्मिकानें सारखेच स्वतंत्र निर्माण केले आहेत, हें त्यांतील मुख्य सूत्र होय. एकाच घरांत आईनें बौद्ध धर्म स्वीकारावा, बापानें ख्रिस्ती व्हावें, मुलीनें इस्लाम पसंत करावा आणि मुलानें सत्यधर्मी व्हावें, तरी त्यांनीं परस्परांचा हेवा न करितां प्रेमानें एकत्र राहावें, असें चित्र त्यांनीं त्यांत रेखाटलें आहे. शरीराचें अर्धें अंग सोडून गेलें असतां ज्याच्या मनांत साऱ्या मनुष्यजातीस एका घरांत आणण्याचा विचार चालू होता, त्याच्या मनाचें बळ किती असेल, याची कल्पना करावी.

या काळांत घरची स्थिति सोपी नव्हती. जोतीरावांस पोटचें अपत्य नव्हतें. प्रतिबंधक गृहांत एका ब्राह्मण विधवेच्या पोटीं जन्मलेल्या यशवंतास त्यांनीं दत्तक घेतलें होतें, आणि आजाराच्या आदल्या वर्षींच मृत्युपत्र करून ठेविलें होतें. झटका आला तेव्हां यशवंत कोंवळ्या वयाचा होता. डॉ. विश्राम रामजी घोले, जे सत्यशोधक समाजांतील त्यांचे जुने सहकारी, त्यांनीं औषधोपचार केले. सावित्रीबाईंनीं अहोरात्र शुश्रूषा केली. तशाही स्थितींत इ. स. १८८९ च्या फेब्रुवारींत यशवंताचें लग्न ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशीं सत्यशोधक पद्धतीनें लागलें. आयुष्यभर मिळविलेला पैसा लोककार्यांत गेला होता. त्यामुळें आजारपणांत हात आखडला. तेव्हां मामा परमानंद यांनीं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांस या कुटुंबाची हकीकत कळविली, आणि त्या उदार राजानें साहाय्य केलें.

इ. स. १८९० च्या नोव्हेंबरच्या २८ तारखेस पुण्यांतील राहत्या घरीं जोतीरावांनीं देह ठेविला. अंत्यसंस्काराच्या वेळीं दत्तकाच्या हक्काविषयीं भाऊबंदांनीं वाद उपस्थित केला. तेव्हां सावित्रीबाई पुढें झाल्या, त्यांनीं स्वतः टिटवें हातांत धरिलें, आणि पतीच्या चितेस आपल्या हातानें अग्नि दिला. ज्या काळीं स्त्रिया स्मशानाची पायरी चढत नसत, त्या काळची ही गोष्ट आहे. डाव्या हातानें लिहिलेला तो ग्रंथ दुसऱ्या वर्षीं, इ. स. १८९१ त, यशवंतांनीं छापून प्रसिद्ध केला. यशवंत पुढें डॉक्टर झाले. प्लेगाच्या सांथींत हडपसरजवळ त्यांनीं चालविलेल्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा करितां करितां सावित्रीबाईंस त्याच रोगानें गांठलें, आणि इ. स. १८९७ च्या मार्चच्या १० तारखेस त्या वारल्या.

आतां या चरित्रापासून आपण काय घ्यावें, तें सांगून हा लेख पुरा करितों. जोतीरावांच्या काळीं या रोगावर खात्रीचा इलाज नव्हता. आज तशी गोष्ट नाहीं. एखाद्याचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात वर उचलेनासा झाला, किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर तो अर्धांगवायूचाच झटका समजावा. घाव रक्त अडून झाला कीं रक्त सांडून झाला, हें मेंदूचा फोटो घेतल्याखेरीज डॉक्टरासही सांगतां येत नाहीं. गुठळी असेल तर ती विरघळविणारें औषध पहिल्या साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि जितकें लवकर मिळेल तितका गुण अधिक. म्हणून अंगारा आणावयास धांवूं नये, तेल चोळीत बसूं नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथें मेंदूच्या तपासणीची सोय आहे अशा मोठ्या इस्पितळांत रोग्यास न्यावें. झटका कोणत्या घटकेस आला, तें लक्षांत ठेवून डॉक्टरास सांगावें. रक्ताचा दाब वेळोवेळीं तपासून आटोक्यांत ठेवणें व तंबाखू वर्ज्य करणें, हे या रोगास दूर ठेवण्याचे मोठे उपाय आहेत. घरांतील वडील माणसांस तेवढें सांगण्याइतके आपण नक्कीच मोठे झालां आहां.

आणि ज्याच्या अंगावरून वारें गेलें आहे असा आजोबा किंवा आजी आपल्या घरीं असेल, तर त्यांच्या अडखळत्या बोलण्यास हंसूं नये. त्यांच्या तोंडून शब्द येत नाहीं म्हणून त्यांस कांहीं समजत नाहीं, असें मानूं नये. त्यांच्याशीं सावकाश बोलावें, उत्तरास वेळ द्यावा, अधू हातापायांस डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम त्यांच्याबरोबर बसून करवावा, आणि जें काम त्यांच्या चांगल्या हातानें होण्यासारखें असेल, तें त्यांच्याकडून काढून घेऊं नये. जोतीरावांच्या हातांतून लेखणी कोणी काढून घेतली असती, तर महाराष्ट्र एका थोर ग्रंथास मुकला असता.